बटाटचा तुटका कान

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कुत्र्यांचे लाड करणारी बाई नव्हे. आमच्या कोरगावातल्या घराच्या पडवीत कुत्रा चढला तर हातात जे असेल ते मी भिरकावते, आणि माझा नेम वाईट नाही. तरीही हे लिहायला बसले आहे ते एका कुत्र्याचे उपकार मानण्यासाठी. त्याचे नाव बटाट. मांद्र्याला माझी नणंद सुविधा पाहुण्यांसाठी खोल्या चालवते, तिच्या दारात तो असतो. रंग उकडलेल्या बटाट्याचा, अंगानेही तसाच गोलमटोल, आणि उजवा कान अर्धा तुटलेला. कुठल्या तरी भांडणात गेला म्हणे. या बटाटने माझ्या नवऱ्याला माणसात आणले.

नवऱ्याचे नाव सगुण. घरात मी त्यांना नावाने हाक मारत नाही. ‘ऐकलात काय?’ एवढेच म्हणते, आणि त्यांना ऐकू यायचे तेव्हा येते. पण इथे पानोपानी ‘ऐकलात काय’ लिहीत बसले तर वाचणारा कंटाळेल, म्हणून सरळ सगुण लिहिते. त्यांनी रागवायचे तर रागवावे.

घराला लागूनच आमची चित्रशाळा आहे. चवथीचे गणपती करण्याची जागा. गावात तिला नुसते ‘शाळा’ म्हणतात. सासऱ्यांच्या वडिलांनी ती सुरू केली. आषाढ लागला की लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात. कुणाचा फणसाचा, कुणाचा सागाचा, वर्षानुवर्षे देवाखाली वापरून गुळगुळीत झालेला. त्याच पाटावर त्या घरचा गणपती चिकणमातीतून उभा राहतो. पाट येतो तो विडा-नारळासकट, आणि शाळेतल्या माणसाच्या हातात द्यायचा, खाली ठेवायचा नाही. आजोबांनी जिथे पाट दिला तिथेच नातू देतो. शाळा बदलणे म्हणजे ठरलेली सोयरीक मोडण्यासारखे. तसे कुणी केले तर गावात त्याची चर्चा दिवाळीपर्यंत पुरते.

माती, अंग, चेहरा हे काम सगुणांचे. रंगकामातले पीतांबर, शेला, दागिने आणि पायाशी बसलेला उंदीर हे माझ्याकडे. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी माझ्या हातात ब्रश दिला आणि म्हणाल्या, “जेवण सगळ्यांकच येता, ह्यां शिक.” डोळे मात्र शाळेच्या मुख्य माणसानेच उघडायचे. सासरे होते तोवर सासऱ्यांनी, मग सगुणांनी. आणि डोळे सगळ्यांत शेवटी. अंग पुरे व्हायच्या आधी देवाला जाग आणू नये, असे सासरे सांगत. त्या दिवशी शाळेत कुणी बोलायचे नाही. मीसुद्धा गप्प असते, यावरून काय ते समजा. श्वास रोखून, नाकाजवळच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे, पापणीची रेघ एका हातात ओढायची. मध्ये थांबले की थांबलेले दिसते. नंतर दुरुस्ती नाही.

आणि अशा माणसाचा हात कापायला लागला.

आधी कपबशी वाजायला लागली. मी म्हटले, चहा सांडू नका. मग आमटीची वाटी. मग सही करताना पेन नाचू लागले. आम्ही म्हापशाला डॉक्टरकडे गेलो. तो मोठा, घाबरायचा आजार नव्हे, असे त्याने नीट समजावून सांगितले. काही घराण्यांत उतारवयात हात असा कापतो, गोळीने थोडा आवरतो, पण पुरता जात नाही. सगुणांच्या काकांचाही कापायचा. मला हायसे वाटले. सगुणांना वाटले नाही. येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि धारगळ मागे पडल्यावर म्हणाले, “पापणी कशी ओढू गो?”

गेल्या वर्षीच्या चवथीला ते कसेबसे निभावले. मनगटाखाली काठी टेकवून पाहिली, सकाळी उपाशीपोटी बसून पाहिले. बाकीचे गणपती पार पडले. शेवटी राहिला होता कृष्णनाथभाऊंचा. हे आमच्या वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, सगळ्यांत वडीलधारे. पेडण्याच्या बाजारात त्यांचे दुकान होते, आता मुले बघतात. शाळेत पहिला पाट त्यांचाच यायचा, हा रिवाज माझ्या लग्नाच्याही आधीचा. त्यांचा पाट आला की वाडा आपसूक मागोमाग येतो. त्यांनी पाय मागे घेतला तर वाडाही घेईल, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच गणपतीचा डावा डोळा ओढताना ब्रश शेवटाला थरथरला आणि पापणी खाली वाकली. थोडीशीच. परक्याला दिसलीही नसती.

भाऊ न्यायला आले. देवाच्या तोंडावर कपडा घालण्याआधी त्यांनी एकवार बघितले. काही बोलले नाहीत. रिवाजाप्रमाणे सगुणांच्या हातावर विडा ठेवला, आणि तो हात असा काही हलला की पानावरची सुपारी घरंगळून जमिनीवर पडली. शाळेत दहा माणसे उभी. “हाताक तेल लागलां,” असे म्हणून सगुण आत निघून गेले. विडा मीच घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उजव्या हातावर तुवालो टाकायला सुरुवात केली. आमच्याकडे टॉवेलला तुवालो म्हणतात. पूर्वी तो खांद्यावर असायचा, आता मनगटावर आला. देवळात तुवालो, बाजारात तुवालो. पंगतीला जाणे बंद केले, कारण पंगतीत हात झाकून जेवता येत नाही. आमची मुलगी कोमल डिचोलीला दिली आहे. तिच्या घरच्या बारशालाही गेले नाहीत, पोटाचे निमित्त सांगितले. शाळेला कुलूप. मी रागावून बघितले, गोड बोलून बघितले, अबोलाही धरला, पण तो मलाच झेपेना. शेवटी शिगमो झाल्यावर एके दुपारी ते म्हणाले, “औंदा पाट घेवचे नाय. पयलेच सांगूया, म्हणजे लोक दुसरीकडे जातले.”

मी उठून विहिरीवर गेले आणि पाणी नसलेली बालदी उगाच वर-खाली करत राहिले. घर कसे चालेल याची ती काळजी नव्हती. शाळा बंद झाली तर हा माणूस सकाळी उठून कशासाठी पाय जमिनीवर टेकवील, ही काळजी होती. आणि मला स्वतःला फार वाईट वाटत होते, तेही सांगते. शाळेतला ओल्या मातीचा वास नसलेला श्रावण मी त्या घरात कधी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात सुविधाचा फोन आला. तिच्या एका खोलीचे जनेल लागत नव्हते, म्हणजे खिडकी. “दादाक घेवन ये गो वयनी, चार दिस राव.” जनेल दुरुस्त करायला मांद्र्यात सुतार नाहीत असे नव्हे. सुविधा भावाला ओळखते.

तिच्या खोल्यांत त्या दिवसांत एकच पाहुणी होती. कोल्हापूरची तेजस्विनी, पंचविशीतली, केस बॉबकट आणि तोंड अखंड चालू. लोक तिला आपापल्या कुत्र्या-मांजरांचे फोटो पाठवतात आणि ती पेन्सिलीने त्यांची चित्रे काढून देते. हा धंदा होऊ शकतो हे मला तेव्हाच कळले. आम्ही पोचलो तेव्हा ती व्हरांड्यात बसून बटाटचे चित्र काढत होती. समोर बटाट आडवा पसरलेला. जेवणाची वेळ सोडून तो पसरलेलाच असतो, त्यामुळे चित्राला फार सोयीचा.

सगुण जनेल बघायला म्हणून गेले आणि वाटेत थबकले. लांबूनच बघत राहिले. मग एक पाऊल जवळ. मग आणखी एक. कागदावर बटाटच्या मानेचे केस होते, आणि हात लावला तर बोटाला लागतील असे. मी त्यांच्याकडे बघत होते. किती महिन्यांनी त्यांचे डोळे कशावर तरी ठरले होते.

तेजस्विनीने वर न बघताच एक पेन्सिल पुढे केली. “काढणार का काका? कागद आहे.”

“माझो हात कापता,” सगुण म्हणाले. घरच्यांखेरीज दुसऱ्या कुणाला त्यांनी हे पहिल्यांदाच सांगितले. परक्या पोरीला सांगणे सोपे गेले असेल.

“मग बरंच की,” ती म्हणाली. “सरळ रेघेसारखे केस कुठल्या कुत्र्याला असतात?”

सगुण खाली बसले. मी श्वास रोखून धरला, डोळे उघडायच्या दिवशी धरते तसा. मनगट काठीवर नव्हे, सपाट कागदावर टेकलेले असले की त्यांचा हात तितका हलत नाही, हे आम्हाला तेव्हा समजले. आणि केस काढायचा म्हणजे लांब रेघ नाहीच. नखाएवढा फटकारा मारायचा, आणि शेवटाला पेन्सिल उचलायची, म्हणजे टोक बारीक होते. एक थरथरला तर बाजूचा त्याला झाकतो. हजार फटकाऱ्यांत एक वाकडा गेला तर ते केसाचेच वळण दिसते. पांढरा केस तर काढायचाच नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंची सावली काढायची आणि कागद तसाच कोरा सोडायचा. मिशांचे केस हवे असतील तर आधी बोथट टोकाने कागदावर नुसती खाच ओढून ठेवायची, मग वरून पेन्सिल फिरवली की खाच पांढरी राहते. त्यासाठी तेजस्विनी वाळलेले बॉलपेन वापरत होती. सगुण म्हणाले, घरी माझ्याकडे बांबूची कोरणी आहे, ती याहून बरी. घर, कोरणी, माझ्याकडे. हे शब्द ऐकून मी आत गेले आणि सुविधाच्या स्वयंपाकघरात थोडी रडले. सुविधाने पोई, म्हणजे आमचा गव्हाचा पाव, आणि चहा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला बटाट पुरा झाला, आणि भांडण सुरू झाले.

चित्रातला बटाट धुऊन-पुसून पाटावर बसवल्यासारखा होता. सगळे केस एका वळणाचे, अंगावर चकाकी, दोन्ही कान सारखे. आणि डोळ्यांच्या जागी दोन कोरे पांढरे गोल. तेजस्विनी ओरडलीच. “काका, हे काय? डोळे कुठायत?”

“डोळे शेवटाक.”

“अहो, डोळे आधी! केस डोळ्यापासून निघतात. डोळा कुठे आहे तेच ठरलं नाही तर केस वळतील कशाभोवती?”

“आमच्याकडे डोळे शेवटाकच उघडतत. अंग पुरा जाल्याबगर नाय.”

“ते देवाचं, काका. हा कुत्रा आहे.”

“म्हणान काय जालां?” सगुण म्हणाले. “तो बी बगतलोच मगे अर्ध्या अंगान.”

तेवढ्यात सुविधा हात पुशीत बाहेर आली, चित्राकडे बघितले आणि म्हणाली, “दादा, हो कोण? हो आमचो बटाट न्हय.”

“कसो न्हय?”

“कान बग मरे. आमच्या बटाटचो कान तुटको.”

सगुणांनी चित्राकडे बघितले, कुत्र्याकडे बघितले. उजवा कान त्यांनी पुरा काढला होता. मुद्दाम नव्हे. त्यांच्या लक्षातही आले नव्हते. आमच्या शाळेत बोटाचे टोक उडालेली मूर्तीसुद्धा बाहेर जात नाही. खंडित झालेली मूर्ती पुन्हा मातीत मिसळायची, असे हा हात पन्नास वर्षे शिकला आहे. डोळ्यांनी तुटका कान बघितला आणि हाताने तो परस्पर भरून टाकला.

मग त्यांनी तुवालो बाजूला ठेवला, सरकत बटाटजवळ गेले आणि उजवा हात, तोच कापणारा, त्याच्या तोंडावर ठेवला. नाकापासून वर कपाळाकडे फिरवला. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापाशी बोट ठेवून केस कुठे फुटतात ते चाचपले. गालावरून मागे, मानेवरून खाली, छातीवर जिथे भोवरा होता तिथे गोल. शेवटी तुटक्या कानाची कड. तिथे जखम भरून वर जे केस आले होते ते आखूड, राठ आणि उलटे होते, बाकी कानापेक्षा अगदी वेगळे. बटाटला हात कापतो की स्थिर आहे याच्याशी काही घेणे नव्हते. त्याने डोळे मिटले आणि शेपटी दोनदा आपटली.

दुसरे चित्र त्यांनी डोळ्यांपासून सुरू केले. सुरू करण्याआधी कुत्र्याला नमस्कार केला. तेजस्विनी हसली नाही, हे तिचे मी ध्यानात ठेवले आहे. पापणीची रेघही एका हातात नव्हे, बारीक बारीक फटकारे एकमेकांना जोडत नेली. या चित्राला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. तुटका कान त्यांनी सगळ्यांत मन लावून काढला, ते आखूड उलटे केससुद्धा. सुविधाने बघितले आणि हाक मारली, “बटाट!” तेव्हा झोपलेला खरा बटाट उठून आला. तो बिस्किटासाठी आला हे मला माहीत आहे, पण सगुणांना सांगून मी कशाला विघ्न आणू?

आम्ही परत निघालो तेव्हा तेजस्विनीने पेन्सिलींचा एक डबा दिला आणि कणकेसारखा मऊ रबर. त्या रबराने खोडायचे कमी, आणि सगुण त्याचे उंदीर वळत बसतात. आता घरात लापीस हाच विषय झाला. पेन्सिलीला आमच्याकडे जुनी माणसे लापीस म्हणतात. शेजारच्या सुमनचे मांजर, देवळाकडची रेडके, विजेच्या खांबाखाली झोपणारा कुत्रा, एकही केसाळ जनावर सुटले नाही. कागदावर श्वास पडू नये म्हणून तोंड वळवून खोकायचे, हाताखाली कोरा कागद घ्यायचा, लापीस ब्लेडने लांब टोकाची करायची. एका शेपटीला अख्खी सकाळ. मी म्हणायची, कुत्र्याला शेपूट यायला इतका वेळ लागला नसेल. मनातून मात्र रोज देवापुढे दिवा लावताना मांद्र्याच्या दिशेनेही हात जोडत होते.

शाळेचे कुलूप त्यांनी एका सकाळी आपणच उघडले. गेल्या वर्षी उरलेले एक वाळलेले मातीचे तोंड घेतले, मांडीवर धरले, मनगट त्यावर टेकवले आणि लापीसने डोळे आखले. फटकारा फटकारा जोडून. चुकला तिथे मऊ रबर टेकवून उचलला. आखून झाल्यावर तोंड माझ्यापुढे केले. ती त्यांचीच पापणी होती, हात कापायच्या आधीची. इतक्या वर्षांनी ती मी कुठेही ओळखीन.

“आता ह्याच्यावरसून ब्रश ओड,” ते म्हणाले.

“मी?”

“मगे कोण? तू पीतांबराची किनार ओडतंस, ती मी एकदाय वाकडी बगूक नाय.”

लग्नाला तीस वर्षे होऊन गेली, आणि हे पहिले कौतुक. तेही पीतांबराच्या किनारीचे. मी म्हटले, लोक काय म्हणतील? बायकांनी डोळे उघडल्याचे पंचक्रोशीत कुणी ऐकले नव्हते. ते म्हणाले, लोकांचे नंतर बघू, आधी तुला येते का ते बघू. हे ऐकून माझा पापड मोडला आणि मी ब्रश उचलला.

पहिल्या पापण्या भयानक झाल्या. मग मी करवंट्यांवर सराव धरला. नारळाला आमच्याकडे तोटा नाही. चुलीजवळ, खिडकीत, पडवीच्या कठड्यावर, जिकडे बघावे तिकडे डोळे काढलेल्या करवंट्या. सुमन एकदा विरजण मागायला आली, सगळ्यांनी तिच्याकडे एकदम बघितले, आणि ती भांडे तिथेच टाकून गेली. सगुण शेजारी बसून सांगत. खांद्यातून ओढ, बोटांतून नको. कोपऱ्यात दाब, शेवटाला सोड. श्वास आधी घे. केसाचा फटकाराही शेवटाला असाच सोडतात, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

आषाढ लागला. आम्ही शाळा झाडून घेतली, माती भिजत घातली आणि वाट बघत बसलो. पहिले काही दिवस कुणीच आले नाही. वाड्यावर कुजबुज असणारच. मी येता-जाता फाटकाकडे बघायची, आणि सगुण मी बघते आहे का ते बघायचे. दोघांनाही ठाऊक होते की वाट वाड्याची नव्हती, एकाच पाटाची होती. तो आला नाही तर भिजलेली माती तशीच वाळणार.

मग एका सकाळी कृष्णनाथभाऊ छत्री टेकत आले. काखेत पाट. पण तो पुढे केला नाही. बाकावर बसले, पाट मांडीवर उभा धरला आणि चहा घेतला. समोरच्या भिंतीवर बटाटचे चित्र होते. त्याच्याकडे बघत बसले.

“औंदा डोळे कोण उघडतलो?” त्यांनी विचारले.

सगुणांच्या मनगटावर सवयीचा तुवालो होता. त्यांनी तो काढला, घडी केली, बाकावर ठेवला, आणि हात भाऊंच्या समोर धरला. तो चांगलाच कापत होता. कुणी बघत असले की जास्त कापतो. “माझो हात हो असो आसा, भाऊ. आखणी मी लापसान करतलंय. डोळे तारा उघडतली.”

तारा म्हणजे मी. मला वाटले, जमीन फाटेल तर बरे. भाऊंनी हाताकडे बघितले, माझ्याकडे बघितले, परत चित्राकडे वळले. “ह्या सुण्याचो कान तुटको कित्याक काडलंस?”

“तुटकोच आसा तो.”

“हूं,” भाऊ म्हणाले. मग हळूच हसू फुटले. “गेल्या वर्सा देवाचो डावो डोळो वाकडो होतो. खंय बगता ताच कळां नाय. घरातले सगळे चवथ सरेसर सरळ वागले.”

म्हणजे त्यांना ठाऊक होते. वर्षभर ठाऊक होते, आणि वाड्यावर त्यांनी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. ते उठले. पाट उचलला, त्यावर विडा-नारळ ठेवला, आणि सगुणांना ओलांडून माझ्यापुढे आले.

“जड आसा, सुने,” ते म्हणाले. “दोनूय हातांनी धर.”

मी धरला. त्या फणसाच्या पाटाचे वजन माझ्या हातांत अजून आहे. संध्याकाळपर्यंत वाड्यावरचे आणखी पाट आले, आणि दुसऱ्या दिवशी उरलेले.

डोळे उघडायच्या दिवशी सगळे रिवाजाप्रमाणे झाले. अंग पुरे, रंग पुरे, शाळेत सगळे गप्प. फक्त एक गोष्ट सगुणांनी बदलली. म्हणाले, आधी उंदरांचे डोळे उघड, हात बसेल. उंदराचा डोळा म्हणजे एक ठिपका. यंदाच्या उंदरांना सगुणांनी केसही काढले होते, पाठीवरून खाली वळणारे. तेव्हा शाळेतले पहिले डोळे उंदरांचे उघडले, आणि मग त्यांच्या देखत देवाचे. आधी डोळे उघडलेल्या त्या उंदरांचा फोटो तेजस्विनीला फोनवर पाठवला. तिचे उत्तर आले, ‘काका, शेवटी डोळे आधीच ना!’ सगुणांनी ते मला तीनदा वाचून दाखवले.

कृष्णनाथभाऊंच्या गणपतीला मी शेवटी बसले. लापीसची बारीक आखणी समोर होती, कापऱ्या हाताने जोडत नेलेली, आणि तरी कुठेच न थरथरलेली. मी श्वास घेतला आणि खांद्यातून ब्रश ओढला. दोन्ही पापण्या सारख्या आल्या. मागे वळून बघितले तर सगुण डोळे मिटून उभे होते. त्यांना बघवलेच नव्हते. “उघडा आता डोळे,” मी म्हटले, “सगळ्यांचे झाले.”

चवथीच्या सकाळी भाऊ न्यायला आले. बरोबर घरची माणसे, आणि शाळेत वाडाभर गर्दी. कपडा घालण्याआधी ते देवासमोर उभे राहिले. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. “आता सुटका नाय,” ते घरच्यांना म्हणाले. “सगळीकडे बगता.” लोक हसले. मग त्यांनी पदर सावरत उभ्या असलेल्या मला विडा दिला, आणि दुसरा विडा घेऊन सगुणांकडे वळले.

सगुणांनी हात पुढे केला. तुवालो त्यांच्या खांद्यावर होता, पूर्वी असायचा तिथे. भर गर्दीत तो हात पान वाऱ्याला हलावे तसा हलत होता. विडा त्यावर आला, आणि सुपारी घरंगळली. गेल्या वर्षी पडली होती तशीच, त्याच जमिनीवर. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते, तेल लागलां म्हणून.

सगुण जागचे हलले नाहीत. हातही मागे घेतला नाही. कापरा हात तसाच सगळ्यांच्या समोर उघडा धरून ते म्हणाले, “पडली मरे, भाऊ. परत घाल.”

भाऊ वाकले, सुपारी उचलली, धोतराला पुसली आणि परत त्या हातावर ठेवली.